तिखट कोणाकडे गेलं

१ नोव्हेंबर
बुधवारी ह्यांची जीभ काढणार. सगळी! चव जाईल, बोलणंही बहुतेक जाईल, आणि एवढं करून रोग जाईलच असं नाही — डॉक्टर म्हणाले.  घरी आल्यावर हे खाली दुकानात गेले आणि तवा घासत बसले. ह्या तव्यावर जन्मभर ओकोनोमियाकी, म्हणजे कोबीची जाड धिरडी घातली, अख्ख्या ओसाकाला खाऊ घातली, आता स्वतःला घासभर जात नाही. पेज गिळतानाही डोळ्यांत पाणी येतं.

२ नोव्हेंबर
सकाळी अचानक म्हणाले, "चल, तुझ्या माहेरचं धिरडं खाऊन येऊ."
मला खरंच वाटेना. लग्न झाल्यापासून आमच्या हिरोशिमाच्या धिरड्याला नावं ठेवत आलेत! "सगळं छान कालवायचं सोडून थर कसले लावता? गाद्या घालताय का?" एकदासुद्धा तोंडाला लावलं नाही. आणि आता? कशासाठी ते कळतंय, म्हणून तर रडू येतंय.
उद्या सकाळची गाडी. ह्यांना एकदा ती चव कळू दे. दुसरं काही मागत नाही.

३ नोव्हेंबर
स्टेशनवर उतरल्यावर हे बराच वेळ बाथरूममध्ये होते. ओठ पुसत बाहेर आले.
माकिएच्या दुकानात गेलो — माझी शाळेतली मैत्रीण. तव्याच्या कडेलाच बसलो. ह्यांनी बसल्या बसल्या माती खाल्ली! "दोन हिरोशिमा-याकी द्या. आणि बरोबर भात." शब्द जड येत होते, पण तोरा तोच ओसाकाचा, तिथे धिरड्याबरोबर भात लागतोच.
माकिएचं उलथणं हवेतच राहिलं. "भावोजी, इथे ह्याला नुसतं ओकोनोमियाकी म्हणतात! गावाचं नाव लावा तुमच्या त्या कालवाकालवीला. आणि धिरड्याबरोबर भात? तो घरी जाऊन खा!"
हे हसले. कितीतरी दिवसांनी हसले.
मी माझ्यात तिखट नूडल्स घालायला सांगितल्या, लहानपणापासूनची सवय. ह्यांचं साधं. चिमूटभर तिखटानं ह्यांना घाम फुटतो. वरून दोन्ही सारखीच दिसतात — कोबी, मांस, नूडल्स सगळं अंड्याखाली झाकलेलं, वर सॉस. माकिएनं बोलता बोलता दोन्ही आमच्यापुढे सरकवली.
मी पहिला घास घेतला. तिखट नाही! म्हणजे तिखट ह्यांच्याकडे गेलं. ओरडणारच होते, पण हे शांतपणे खात होते. घाम नाही, ठसका नाही, काही नाही.
"गोडसर आहे," म्हणाले. "कोबीची गोडी उतरलीय. उगीच इतकी वर्षं नावं ठेवली."
 जीभ आधीच मेलीय ह्यांची! बुधवारी काढणार ती नुसती मेलेली. उशीर झाला. आणि हा माणूस माझ्यासाठी खोटं बोलतोय.
"बघा, सांगत नव्हते?" एवढंच म्हटलं आणि खाली मान घालून खात राहिले. ह्यांनी सगळं संपवलं. तव्याला चिकटलेलंसुद्धा खरवडून खाल्लं. परतीच्या गाडीत दोघंही झोपल्याचं सोंग करत होतो.

४ नोव्हेंबर
ह्यांना भरती केलं. घरी एकटीच आले. तवा गार आहे. लिहवत नाही.

५ नोव्हेंबर
आत नेण्याआधी हे म्हणाले, "कान इकडे कर. त्या दिवशी स्टेशनवर मी जिभेला बधिर करायचं औषध लावलं होतं. नाहीतर तुझ्यासमोर एक घास गेला नसता. चव काही कळली नाही गं. पण तिखट खाल्लंस की तुझं नाक गळतं, आणि तू एकदाही पुसलं नाहीस. तुझं माझ्याकडे आलं होतं ना?"
मी मान हलवली.
"मग तुझं तिखट खायचं राहिलंच की!" म्हणाले. तेवढ्यात आत नेलं.