मावशीचा हातगुण

दि. ५ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावली असशील, तर थोडा राग शिल्लक ठेव. पुढे लागणार आहे.

तुझ्या निवृत्तीनिमित्त रसायनशास्त्राच्या नियतकालिकाचा खास अंक निघतोय. त्यात तुझ्या संशोधनाचा आढावा मी लिहावा असं संपादकांचं म्हणणं पडलं. मी आधी नाहीच म्हटलं. भाचीनं लिहायचं म्हणजे घरच्यांनीच घरच्यांची पाठ थोपटणं. पण तुझे सगळे पेपर वाचलेलं दुसरं माणूस त्यांना सापडेना.

आता रोज टेबलभर तुझे पेपर पसरून बसते आणि आपली स्वयंपाकघरातली शाळा आठवते. माझ्या छातीच्या दुखण्यामुळे मला शाळेत घालत नव्हते तेव्हाची. तू प्रयोगशाळेतून यायचीस, हातांना तो गोडसर वास असायचा. कणकेच्या गोळ्यांत काडेपेटीच्या काड्या खोचून मला रेणू करायला लावायचीस. मग एक गोळा काढून दुसरा लावायचीस आणि विचारायचीस, आता हा वेगळं काय करील? दिवसभर तू कामावरही तेच करत होतीस, हे मला आत्ता कळतंय. आकडी थांबवू शकेल अशा त्या रेणूचा एकेक हात बदलून पाहणं! तो रेणू स्वतः औषध झाला नाही, पण त्याच्या सांगाड्यावर इतरांनी औषधं उभी केली. कुठल्याकुठल्या पेपरांच्या तळटिपांत तुझं नाव दिसतं आणि परक्या गावात घरचं माणूस भेटल्यासारखं होतं.

आता मुद्द्याचं. जे स्वतः करून पाहिलं नाही त्याबद्दल छातीठोक लिहू नये, हे तूच शिकवलंस. म्हणून तुझा सर्वांत गाजलेला पेपर समोर ठेवून मी तो रेणू इथे माझ्या प्रयोगशाळेत बनवला. पेपरात आहे की द्रावण थंड केलं की सुयांसारखे पांढरे स्फटिक येतात. मला आला मधासारखा चिकट गोळा. पुन्हा केलं, पुन्हा मध. मग शोधलं तर आणखी काही जणांनीही हळूच तेच लिहिलेलं आढळलं. एका गृहस्थांनी तर टोमणा मारलाय की ही कृती फक्त मूळ लेखिकेच्याच हातून जमते असं दिसतं.

हे लिहिलं तर तुझ्या कौतुकात मीच मिठाचा खडा टाकणार. नाही लिहिलं तर मला झोप लागणार नाही. काय करू?

काळजीनं अर्धी झालेली,
तुझी भाची


दि. १४ फेब्रुवारी

चि. शंकासुरास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून रागावले. मग चहा घेतला, पुन्हा वाचलं आणि नव्यानं रागावले.

भांड्यांना ग्रीस राहिलं होतं का? फ्लास्क आतून काचेच्या कांडीनं खरवडलास का? का घाईघाईनं बर्फात ठेवून दिलास? लहानपणी दूध उतू जाईल या भीतीनं ते कोमट व्हायच्या आतच गॅस बंद करणारी तू. आणि त्या टोमणेवाल्या गृहस्थांना मी ओळखते. एका परिषदेत माझ्या व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसून घोरत होते.

आमच्याकडे इतर खोल्यांत कुणाचा हा रेणू घट्ट होईना की फ्लास्क माझ्या टेबलावर यायचा. ताईंचा हातगुण आहे, म्हणायचे. आमचे सर पाहुण्यांना माझी ओळखही तशीच करून द्यायचे. मी वरवर उडवून लावायचे, पण खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं. त्या पेपरात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. तुला लिहायचं ते लिही, पण आधी नीट कर.

वेळेवर जेवत जा. काका तुझी आठवण काढतात.

तुझी,
मावशी


दि. २ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

भांडी धुतली, खरवडलं, सावकाश थंड केलं. मध तो मधच. इथले सहकारी आता पाव घेऊन येऊ का म्हणून विचारतात.

काल एकदम तुरटी आठवली. पेल्यातल्या तुरटीच्या दाट पाण्यात दोऱ्याला बांधून आपण तुरटीचा खडा सोडला होता. तू म्हणाली होतीस की पहिला एक उभा राहिला की बाकीचे त्याच्यामागे रांग लावतात, पण पहिला व्हायला कुणी तयार नसतं. म्हणून एक विचारते, रागाव हवं तर. अगदी पहिल्यांदा तुला स्फटिकच मिळाले होते का?

तुझा लोभ या प्रश्नानंतरही टिकावा, एवढीच इच्छा.

तुझी,
भाची


दि. १५ मार्च

चि. शंकासुरास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी जुन्या खोलीत जाऊन आले. आता तिथे एक तरुण प्राध्यापक बसतात. भले आहेत, मलाच माझी खुर्ची देऊ केली. खिडकीचा कठडा अजून तसाच आहे, ॲसिडचे डागसुद्धा. त्या कठड्यापाशी उभी राहिले आणि सगळं आठवलं.

पहिल्यांदा माझाही मधच झाला होता गं. बुचं संपली होती म्हणून फ्लास्कला कापसाचा बोळा लावला, कठड्यावर ठेवला आणि आम्ही सगळे सुट्टीवर गेलो. हवा ओली होती. परत येऊन पाहिलं तर आत सुयाच सुया. त्या आनंदात मध कोण लक्षात ठेवतो? त्यानंतर मात्र नुसतं थंड केलं तरी स्फटिक यायचे, कारण तोवर त्यांची धूळ खोलीभर झाली होती. तराजूवर, ओट्यावर, माझ्या ॲप्रनवर, केसांत. डोळ्यांना न दिसणारा एक कण फ्लास्कमध्ये पडला की काम व्हायचं. पेपरात लिहिलं ते खरंच होतं, पण त्या एका खोलीपुरतं.

तेव्हा हातगुण वगैरे काही नव्हतं. अंगावरची धूळ होती. दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. काकांनी शेवटी दबकत विचारलं, की कोण गेलं. मी सांगितलं की एक ताई होत्या, फार नाव होतं त्यांचं.

तुला चिमूटभर नमुना पाठवणार होते. पुडी बांधली, आणि परत ठेवून दिली. पुडी आली तर तुला संध्याकाळपर्यंत स्फटिक मिळतील, पण तुझी खोलीही माझ्या खोलीसारखी होईल, आणि पुढच्या माणसाच्या नशिबी पुन्हा मध. माझ्याशिवाय जमायला हवं. कापूस, ओल की नुसता धीर, नेमकं काय लागतं ते तू शोध. हे पत्रही प्रयोगशाळेत नेऊ नकोस. माझी कामावरची पिशवी त्या खोलीतून आली आहे, हा कागद तिच्यातलाच आहे.

संपादकांना सांग, आधी दुरुस्ती छापा आणि मग कौतुक. नाहीतर अंक नको.

तुझी,
मावशी


दि. २० एप्रिल

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र इमारतीबाहेरच्या पायरीवर वाचलं, घरी गेले, न्हाले, कपडे बदलले आणि मग कामावर आले. घरमालकीणबाईंनी भरदुपारी ओले केस पाहून हळहळत विचारलं की जवळचं कुणी होतं का. तुझ्या ताईंबद्दल त्यांना काय सांगणार!

कापूस लावून पाहिला, काही नाही. इथली हवा यंत्रानं कोरडी ठेवलेली असते. नुसतं थांबून पाहिलं, तरी नाही. मग एका फ्लास्कमध्ये पाण्याचा एक थेंब टाकला आणि कोपऱ्यात ठेवून त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं. ते फार कठीण गेलं. काल पाहिलं तर तळाशी सुया! मी ओरडले, आणि लगेच दोन पावलं मागे सरले. आता ही खोलीही बाटली. यापुढे माझ्या यशावर माझाच विश्वास कसा बसायचा?

म्हणून नमुना न देता, नुसती कृती घरी बसून लिहून काढली आणि त्या टोमणेवाल्या गृहस्थांना पाठवली. तुझ्याबद्दल त्यांना प्रेम नाही, हे या कामाला बरंच. उत्तर तुलाच पाठवावं, असं लिहिलंय. त्यांना जमलं तरच आढाव्यात लिहीन. संपादक कुरकुरले, गौरवाच्या अंकात दुरुस्ती बरी दिसत नाही म्हणाले. तुझा निरोप सांगितल्यावर कबूल झाले.

त्यांना जमलं नाही तर? मावशी, मला फार भीती वाटते.

तुझी,
भाची


दि. ३० मे

चि. शंकासुरास,
अनेक आशीर्वाद.

आज त्या गृहस्थांचं उत्तर आलं. जेमतेम चार ओळी आहेत. पाठवलेल्या कृतीप्रमाणे त्यांच्या नव्या विद्यार्थिनीनं काम केलं, स्फटिक आले, वितळण्याचं तापमान बरोबर जुळलं. विद्यार्थिनीला असं काम करण्याची सवय नव्हती, असंही लिहिलंय.

मजकुरात माझं नाव कुठेच नाही. मी कागद उलटून मागची बाजूसुद्धा पाहिली. मग काकांना हाक मारली आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. ते चष्मा वर करून विचारू लागले की यात तुझं काय आहे.

मी त्यांना म्हटलं, सगळं.

आता निवांत जेव, झोप आणि लिहायला बस.

तुझी,
मावशी