खराब डबी

ती. बाबांना,

आमच्या लॅबमध्ये लघवी तपासायच्या पट्ट्यांची नवी डबी उघडली, की पट्ट्या ठीक आहेत ना बघायला पहिली पट्टी माझ्या नमुन्यात बुडवतात. मी सगळ्यांत लहान, धडधाकट. माझी पट्टी पिवळीच राहणार, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं. आज ती हिरवी झाली, म्हणजे लघवीत प्रोटीन. मी तावातावाने कंपनीला शिव्या घातल्या आणि दुसरी डबी फोडली. तिच्यातलीही पट्टी हिरवी! मग आमच्या लॅबप्रमुख मॅडमनी गुपचूप त्याच डबीतल्या पट्टीने स्वतःचा नमुना तपासला. त्यांची पट्टी पिवळीधमक. म्हणजे डबी चांगलीच होती.

लॅबच्या डॉक्टरांनी लगेच माझं रक्तही तपासलं आणि म्हणाले, "अगं, साखर आज ठीक आहे. पण या वयात प्रोटीन जात असेल, तर पुढे डायबेटिसचा धोका जास्त असू शकतो. पुन्हा तपासू, लक्ष ठेवू."

बाबा, तुम्हाला डायबेटिस झाल्यापासून घरी आले की साखरेचा डबा लपवणारी मी! हे कळलं तर "माझ्यामुळेच" म्हणत तुम्ही जेवण टाकाल. म्हणून हे पत्र पर्समध्येच राहील. संध्याकाळी फोनवर आवाज का असा, असं विचारलंत तर सांगेन, काही नाही हो, आज पट्ट्यांची डबीच खराब निघाली.

तुमची,
धाकटी