नख न उमटणारं शिसं

डार्बी, मोंटाना
१ ऑक्टोबर १९७४

ती. एमरीमामांस,
क्लेटनचा सा. न. वि. वि.

शनिवारी नेमबाजीच्या मैदानावर पंचांनी विचारलं की ह्या गोळ्या ओतल्या कुणी, आणि मी म्हणालो, मामांनी. त्या क्षणापासून मी आरशात बघत नाही, दाढीसुद्धा अंदाजाने करतो. तुम्ही तिथेच उभे होतात. टोपी काढलीत आणि हो, माझ्याच, म्हणालात. कॉलेज सोडून आलो तेव्हा मला फाडून खाल्लंत. शनिवारी मात्र एक शिवीसुद्धा नाही.

सगळं लिहून टाकतो. मार्गोला राज्याच्या संघाच्या निवडचाचणीसाठी शंभर गोळ्या द्यायच्या होत्या. तुमचं मऊ शिसं मला म्हातारं वाटलं. बंद पडलेल्या छापखान्यातले अक्षरांचे खिळे, कडक शिशाचे, आणून वितळवले. जितकं कडक तितकं चांगलं, ही माझी अक्कल. तुम्ही करता तशी मऊ शिशाची गुळी तिच्या रिव्हॉल्व्हरच्या नळीतून आरपार ठोकून माप घ्यायला हवं होतं. पण रिव्हॉल्व्हर मागितलं असतं तर तिला सुगावा लागला असता. माझ्याच रिव्हॉल्व्हरच्या मापाने ओतल्या आणि तुमच्या जुन्या डब्यात, त्यावरच्या तुमच्या अक्षरातल्या चिठ्ठीसकट दिल्या. जिंकली की सांगणार होतो, माझ्या आहेत म्हणून.

तिच्या नळीत त्या सैल पडल्या. डझनभर बार झाल्यावर नळी आतून शिशाने माखली आणि गोळ्या आडव्या होऊन निशाणाचा कागद फाडू लागल्या. तिची राज्याच्या संघातली जागा गेली.

काल तिने मला जेवायला बोलावलं. वर समजूत घातली, की मामांची नजर आता गेली, तू मनाला लावून घेऊ नकोस. मी बटाटे गिळत मान हलवली.

मामा, तिला सांगू नका. ती गेली तर मी मरेन. लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

क्लेटन


सुला, ६ ऑक्टोबर

चि. क्लेटन यास,
अ. उ. आ.

पत्र पावलं. मला मैदानावरच कळलं होतं. डब्यात उरलेली गोळी उचलून अंगठ्याचं नख रुतवलं, उमटेना. माझ्या शिशावर तुझ्या मामीचंसुद्धा नख उमटतं, आणि तिची नखं तर भांडी घासून झिजलेली.

मार्गोच्या बापाने रिव्हॉल्व्हर माझ्याकडे पाठवलं. निरोप असा, की घाण तुझी, तूच काढ. दोन दिवस तांब्याच्या जाळीने नळी घासली. निघालेले पापुद्रे भाच्याची कमाई म्हणून मामीला दाखवले. ती हसली नाही.

मार्गोला मी सांगणार नाही. प्रेम तुझं, तोंडही तुझं. मरण्याबिरण्याचं लिहू नकोस. पोरींपायी मरायचा असतास तर सातवीतच गेला असतास. फक्त एक कळवतो. बारा तारखेला सकाळी दहाला क्लबची सभा आहे. बावीस वर्षं सगळ्यांच्या गोळ्या मी ओततो, ते काम माझ्याकडून काढायचं आहे. मी जाणार नाही. माझा हात चांगला आहे असं आपणच उठून सांगायची मला लाज वाटते.

हरणाचं मांस खारवलंय, ये. माया होती तेवढीच आहे.

एमरीमामा


डार्बी, १२ ऑक्टोबर, सकाळ

ती. मामांस,
सा. न.

तुमचं पत्र वाचून आधी तुमचाच राग आला. चार शिव्या हासडल्या असत्यात तर फिटलं असतं. मायेचं काय लिहिता!

काल मार्गोकडे गेलो होतो, एकटीला आधी सांगावं म्हणून. तिने दार उघडलं, हसली, आणि मी थंडी वाढल्याचं बोलून परत आलो. एकटीला सांगणं मला जमत नाही. तुमचं नाव मी चारचौघांत घालवलं; तेव्हा आज सभेत चारचौघांतच सांगतो. ती बापाबरोबर पहिल्या बाकावर असेल. उठून गेली तर मागे धावणार नाही, असं आत्ता तरी म्हणतो. माझा काय भरवसा.

पत्र वाटेत पेटीत टाकतो, म्हणजे मागे फिरायची सोय उरत नाही. दहाला वीस मिनिटं कमी आहेत. मामींना नमस्कार. लोभ ठेवायचा की नाही ते सभेनंतर ठरवा.

टोपी घेतली. आता दार ओढून घेऊन निघतो.

क्लेटन