पाय टेकायची जागा

सानपाडा, मे १९९६

उदयदादा,

हे पत्र पेटीत टाकायला मला कुणी बाहेर सोडणार नाही, तरी लिहिते.

वाशीच्या गच्चीवर कठड्यावरून उडी मारायला तूच शिकवलंस. "राजी, खाली बघायचं नाही, पाय कुठं टेकणार ते बघायचं. आणि मिरवायला उडी मारायची नाही, नड असली तरच."

परवा दुपारी नड आली. सासूबाई हल्ली बाहेरून कडी घालूनच जातात. मी गॅलरीतून छज्ज्यावर, छज्ज्यावरून कंपाउंडच्या भिंतीवर उतरले. कुठं खरचटलंसुद्धा नाही. थेट तुझ्या दारात आले.

"दाजींना सांगून आलीस का?" एवढंच विचारलंस आणि रिक्षात घालून परत आणून सोडलंस.

आज गॅलरीला ग्रिल बसवतायत. कुठून उतरले, ते मी फक्त तुला सांगितलं होतं.

तुझ्याच हाताखाली शिकलेली,
राजलक्ष्मी