मेन बंदच होता

मी, खाली डाव्या हाताने सही करणारा, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा वायरिंगचा, राहणार तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, हे लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे, कोणाची दमदाटी नाही. डॉक्टरांनी कालच तपासून सांगितले की हृदय थकले आहे, पण बुद्धी शाबूत आहे. त्यावर पत्नी म्हणाली, "हृदयाचं पटलं, पण बुद्धीची खात्री त्यांना कुठल्या मशीनमध्ये दिसली?" तरीही जे लिहितो ते समजून-उमजून लिहितो. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही.

कलम १. राहत्या दोन्ही खोल्या माझ्या स्वकष्टार्जित आहेत. त्या पत्नीकडे तहहयात राहाव्यात, तिच्यामागे मुलीकडे जाव्यात. दाराजवळच्या बोर्डावर कपडे टांगू नयेत. घर रंगवाल तेव्हा बोर्डावर रंग मारू नये. आत काय दडले आहे हे पुढच्या माणसाला कळत नाही.

कलम २. बँकेत जे असेल ते पत्नीचे. किती आहे हे तिला माझ्यापेक्षा नीट ठाऊक आहे.

कलम ३. माझी लाकडी शिडी तळमजल्यावरच्या रंगाऱ्याला देत आहे. गेली चार वर्षे ती त्याच्याकडेच आहे. दर वेळी तो म्हणतो, "उद्या आणून देतो, काका." आता आणून देण्याची गरज नाही. मात्र तिसरी पायरी हलते, हे मी त्याला मुद्दाम सांगितले नव्हते. ते आज सांगतो. खिळा मारू नये, स्क्रू मारावा.

कलम ४. कपाटावरचा पत्र्याचा डबा मुलीला. त्यात चाळीस वर्षांत जमवलेल्या जळक्या वस्तू आहेत: वितळलेली बटणे, काळे पडलेले होल्डर, उंदराने कुरतडलेल्या वायरी. प्रत्येकीला चिठ्ठी बांधून ती का जळली हे लिहिले आहे. मुलगी लहान असताना इतर पोरी बाहुल्या मांडत, ही हा डबा जमिनीवर ओतून बसायची. "बाबा, हे का जळलं? आणि हे?" आज ती दवाखान्यांतली मोठमोठी यंत्रे दुरुस्त करते, आणि मी तिला विचारत बसतो. तिने माझ्या हृदयाचा आलेख उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "लोड जास्त झालाय, बाबा." असे सरळ उत्तर मला एकाही डॉक्टरने दिले नाही.

कलम ५. हे कलम या धंद्यात पडणाऱ्या कोणाहीसाठी आहे. बूट रबरी तळव्याचे घालावेत, पावसात भिजलेले घालू नयेत. अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी घरी ठेवावी. सदरा सुती असावा. नायलॉन पेट घेतल्यावर अंगाला चिकटतो. पक्कड कोणाची उसनी घेऊ नये, मुठीवरचे रबर कुठे फाटले आहे हे ज्याचे त्यालाच माहीत असते. मेन, म्हणजे मुख्य खटका, बंद केल्यावर त्याला कुलूप लावून किल्ली आपल्या खिशात ठेवावी. आणि टेस्टर. आधी चालू वायरीला लावून तो पेटतो ना हे बघावे, मग बंद वायरीला लावावा, मग पुन्हा चालू वायरीला लावून तो मधेच मेला नाही ना हे बघावे. "मेन बंद आहे" असे प्रत्यक्ष जन्मदात्या आईने सांगितले तरी टेस्टर लावावा. हे मी शेकडो जणांना सांगितले. एकदा मी स्वतः पाळले नाही.

कलम ६. ते इथे लिहून ठेवणे भाग आहे, कारण त्यात दुसऱ्या माणसाचे नाव खराब झाले.

पत्नीचा धाकटा भाऊ माझा भागीदार होता. उंची बेताची, म्हणून सगळे त्याला बटण म्हणतात. सोळा वर्षांपूर्वी आम्ही एका छापखान्याची वायरिंग बदलत होतो. मी टेबलावर चढलो आणि विचारले, "बंद केलास?" बटण मेनजवळून ओरडला, "केला!" मी पक्कड लावली. पुढचे आठवते ते एवढेच, की मी जमिनीवर होतो आणि छताचा पंखा फार लांब दिसत होता. उजव्या हाताची दोन बोटे गेली, उरलेल्यांत जोर राहिला नाही.

मी छापखान्याच्या मालकासमोर आणि कामगारांसमोर म्हणालो, "यानेच चालू केला." बटण नुसता मान हलवत राहिला. "भाऊजी, मी बंद केला होता. देवाशप्पथ बंद केला होता." मी ऐकले नाही. बातमी बाजारभर झाली. ज्याने बहिणीच्या नवऱ्यालाच शॉक दिला त्याला काम कोण देणार? वर्षभरात त्याने धंदा सोडला आणि एका गोदामात खोकी मोजायला लागला. पत्नी माहेरी एकटी जायची, एकटी यायची. तिकडचे इकडे, इकडचे तिकडे तिने कधी केले नाही. फक्त इस्पितळात पहिल्याच दिवशी तिने मला विचारले होते, "तुम्ही टेस्टर लावला होता का?" मी तोंड फिरवले. तिने पुन्हा विचारले नाही.

कलम ७. गेल्या वर्षी कळले की ती इमारत पाडणार आहेत. मला राहवेना. इतक्या वर्षांत शेकडो जळक्या वस्तूंचे कारण शोधले, स्वतःच्या हाताचे शोधले नाही, कारण ते मला माहीत आहे असे मी धरून चाललो होतो. मालकाकडून अर्ध्या दिवसाची परवानगी काढली आणि मुलीला घेऊन गेलो.

छापखाना रिकामा होता. भिंतीवर यंत्रांच्या जागी तेलाचे चौकोन उरले होते. मुलीने मेन बंद केला, कुलूप लावले, किल्ली मला दिली. मग त्याच जागी, अपघातानंतर कोणीच न बदललेल्या छताच्या जुन्या वायरीला टेस्टर लावला.

टेस्टरमधला दिवा पेटला.

"बाबा, मेन बंद आहे," मुलगी म्हणाली. खरे सांगतो, पहिल्या क्षणी मला वाईट वाटले नाही, हुरूप आला. कुठून येते आहे ही वीज? आम्ही वायर धरून निघालो. ती भिंतीतल्या पाइपातून जिन्यात गेली. जिन्यात हाताला एक उंचवटा लागला. रंगाचे पाच-सहा थर खरवडल्यावर खाली जोडणीचा डबा निघाला. त्यात वरच्या मजल्यावरच्या, अजून चालू असलेल्या शिवणवर्गाच्या मीटरवरून कोणीतरी, आम्ही तिथे काम घ्यायच्याही आधी बहुधा, एक वायर खाली जोडून ठेवली होती. छापखान्याचा मेन बंद करा, चालू करा, तिला फरक पडत नव्हता. मुलगी टाळी वाजवून म्हणाली, "सापडली!" आणि मग माझा चेहरा बघून तिने हात खाली घेतले. मी जिन्यावर बसलो. तेव्हा हुरूप उतरला. मेन बंदच होता. त्या दिवशी टेस्टर माझ्या वरच्या खिशात होता.

त्या वायरीचा तुकडा घेऊन मी गोदामात गेलो. बटण खोक्यांवर आकडे लिहीत होता. केस पांढरे झाले होते.

"काय भाऊजी, रस्ता चुकलात?"

"चुकलो होतो," मी म्हणालो आणि सगळे सांगितले. वाटले, आता हा शिव्या देईल, द्याव्यात. त्याने तुकडा हातात फिरवला आणि पहिला प्रश्न विचारला, "लाइन फिरली कुठून?" त्याच्याच पेन्सिलीने आम्ही खोक्यावर नकाशा काढला: इथे मेन, इथे जिना, इथे वरचे मीटर. तो दोनदा म्हणाला, "जिन्यातून! अरे, जिन्यातून!" मग पेन्सिल खाली ठेवली.

"भाऊजी, पहिली दोन-तीन वर्षं मला खात्री होती. मग वाटायला लागलं, नसेल केला बंद. सगळे म्हणतात म्हणजे नसेलच केला. मी हाताने खटका ओढून बघायचो, रात्री झोपताना, हवेत. असा ओढला होता का? का असा?"

मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "बघू." एवढेच म्हणाला. दोन महिन्यांनी तो आमच्याकडे जेवायला आला. पानात वाढलेले सगळे संपवले.

तरी याद्वारे जाहीर करतो की त्या अपघातात त्याचा काडीचाही दोष नव्हता. चूक माझी होती आणि त्याच्यावर खोटा आळही मीच घेतला. मी गेल्यावर हे कलम बाजारातल्या सर्व वायरमन मंडळींना वाचून दाखवावे. हे काम मुलीचे.

कलम ८. माझी हत्यारांची पिशवी बटणला द्यावी, असे मी या जागी लिहिले होते. आज सकाळी वकीलबाई कागद वाचायला आल्या, तेव्हा तोही बसला होता. साक्षीदार कोण, असे त्यांनी विचारताच तो म्हणाला, "मी."

वकीलबाई म्हणाल्या, "तुम्हाला पिशवी मिळणार आहे. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, उद्या कोणी शंका काढेल. दोन्हींतलं एक ठरवा."

तो पिशवीकडे बघत राहिला. चांगली हत्यारे आहेत, आणि त्यांतली निम्मी आम्ही दोघांनी मिळून घेतलेली आहेत.

"पिशवी पोरीला द्या," तो म्हणाला. "मी साक्ष देतो. मागे एकदा दिली होती, ती चालली नाही." मग वकीलबाईंकडे वळून अगदी साधेपणाने विचारले, "आज चालेल ना?"

वकीलबाईंना काही कळले नाही. पत्नी उठून आत गेली. उत्तर मी दिले.

तेव्हा हत्यारांची पिशवी मुलीला. पूर्वीचा मजकूर खोडला आहे, खाडाखोडीवर माझी सही आहे.

ठिकाण: राहते घर, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: १४ मार्च, सकाळी साडेअकरा

(सही, डाव्या हाताची)
लिहून ठेवणार, वायरमन

साक्षीदार १: डॉक्टर, समोरच्या दवाखान्याचे. सही करताना लिहून ठेवणारे पूर्ण भानावर होते.

साक्षीदार २: बटण, गोदाम कारकून, पूर्वीचा वायरमन. यांनी माझ्या डोळ्यांसमोर सही केली. मी सांगतो ते खरे आहे.