गुलाबी पेपरातली बातमी

अण्णा,

शहागंजातल्या आपल्या भांड्यांच्या दुकानात गादीवर रोज एक गुलाबी पेपर असायचा. इंग्रजी, धंद्याच्या बातम्यांचा, मुंबईहून एसटीनं एक दिवस शिळा होऊन येणारा. तुम्हाला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण तो पेपर दिसला की गिऱ्हाईक घासाघीस कमी करतं, असा तुमचा पक्का समज. पातेली गुंडाळायला मराठी पेपर. गुलाबी पेपराला हात लावायची कुणाची टाप नव्हती. कॉलेजला जाण्याआधी मी तो तुम्हाला मराठीत वाचून दाखवायची, हा नेम. मलाही त्यातलं निम्मं कळत नसे. उरलेलं मी मनानं जुळवायची आणि तुम्ही तेच दिवसभर अख्ख्या गल्लीला ऐकवायचात. ऐकून मला घाम फुटायचा.

बी.कॉम. झाल्यावर मला पुण्याला शिकायला जायचं होतं. "पुन्याला कशाला? हितं कॉलेजं नायत का?" म्हणून तुम्ही विषय मिटवलात. आठ दिवस मी रडले, नवव्या दिवशी डोकं चालवलं. तुम्ही गादीवर बसला आहात, मी पेपरातली एक लांबलचक बातमी निवडते आणि गंभीर आवाजात वाचते, "व्यापाऱ्याची मुलगी पुण्याला शिकली की घरचा धंदा दुप्पट होतो, असं तज्ज्ञांचं मत आहे." तुम्ही चष्मा पुसता. "तज्ज्ञ म्हंत्यात व्हय? पुन्हा वाच." मी पुन्हा वाचते आणि घाबरून या वेळी तिप्पट म्हणते. "दोन मिन्टात लई चढलं की," एवढंच बोलून तुम्ही पेपराची घडी बगलेत मारता आणि समोरच्या घड्याळवाल्या चाचांकडे जाता. जूनमध्ये तुम्हीच माझी ट्रंक एसटीच्या टपावर चढवलीत.

तुम्हाला फसवलं, हे मला आयुष्यभर टोचत राहिलं. तुम्ही गेलात तरी सांगायचं राहिलंच. आता मी त्याच पेपरात नोकरी करते. बातमी शिळी होत नाही. माझ्या दोन ओळी शेंद्र्यातल्या कारखानदाराच्या फोनवर लगेच पोचतात. फक्त कुठं तिप्पट लिहायची वेळ आली की माझा हात अजून अडखळतो.

गेल्या महिन्यात शहागंजात गेले होते. चाचा आता फार थकलेत. मी पेपरात आहे म्हटल्यावर खो खो हसले. "तेरे पुना जाने की खबर तूने पढ़ी ना, उसी दिन तेरे बाबा वो पेपर लेके मेरे पास आए थे. मैं पढ़के बोला, ये तो सिमेंट की खबर है. बोले, मालूम था कुछ तो गडबड है. पन पोट्टी ने इत्ती मेहनत से बनाई, अब जाने देता उसको. किसी को बोलना नक्को."

तिथंच, त्यांच्या बंद घड्याळांसमोर, मी लहान पोरीसारखी रडले. तुम्ही मला कळू दिलं नाहीत, अण्णा, आणि मी तुम्हाला भोळे समजत राहिले.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, ते बरंच. चाचांपुढं लाजेनं बोलले नाही, ते इथं सांगते. ती बातमी सिमेंटची होती, हे मलाही चाचांनी सांगितलं तेव्हाच कळलं.