बिनमुकुटाच्या गायी

तळ्याकाठी, सोमवार, २९ सप्टेंबर

वालबुर्गा वन्सं,

तुम्ही पाकीट उघडलंत, एवढ्यानंच माझा नमस्कार पोचला असं मी समजते. माझं अक्षर ओळखून तुम्ही ते तसंच परत पाठवाल अशी भीती होती, म्हणून वरचा पत्ता सेन्झीकडून लिहून घेतला. तीस वर्षं आपल्या कुरणावर राहून गायींचं दूध काढते ती सेन्झी. तिच्या अक्षरावर तुमचा राग नसावा.

इकडे तसं ठीक आहे. सफरचंदं यंदा लवकर उतरवली, अर्धी डागाळलेली निघाली. माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. पाहुणे अजून येतात. सकाळी शिखर, दुपारी तळं, संध्याकाळी भाजलेला मासा, हा त्यांचा क्रम काही बदललेला नाही. नौकेवाले अजूनही कड्यासमोर इंजिन बंद करून तुतारी वाजवतात, पडसाद आला की पाहुणे टाळ्या वाजवतात. हल्ली त्यानंतर नौकेवाला वर बोट करून सांगतो, शिखरावरच्या त्या क्रुसाखाली जुलैत आमचा एक वाटाड्या विजेनं गेला, पाहुण्या बाईंना वाचवून. मग सगळ्यांच्या माना वर. परवा मी पलीकडच्या काठावरून त्याच नौकेनं येत होते. शेजारच्या गृहस्थांना क्रूस सापडेना. त्यांनी मला विचारलं, नक्की कुठला हो? मी दाखवला.

तुमचा भाऊ आता प्रेक्षणीय स्थळ झाला आहे, वन्सं.

पण मी लिहायला बसले आहे ते किलियनबद्दल. तुमच्या मुलानं या गावात परत यावं आणि मान वर करून यावं, एवढ्यासाठी हे पत्र आहे. मध्ये मी इकडचं तिकडचं लिहीन. सरळ तिथे पोचायला मला जमत नाही, शनिवारीही धड जमलं नाही.

शनिवारी गायी उन्हाळी कुरणावरून खाली आल्या.

सप्टेंबरच्या सुरुवातीला पांक्रात्स घरी आला होता. पर्यटन समितीचा अध्यक्ष झाल्यापासून तो दारात उभा राहूनच टोपी काढतो, आधी आत येऊन काढायचा. म्हणाला, यंदा खाली आणताना गायींना मुकुट घालायचे ना? मी म्हटलं, घरात मरण झालंय. त्यावर त्यानं खुर्ची ओढली आणि मला रीत समजावायला बसला. उन्हाळ्यात कुरणावर कुणी दगावलं, जनावर किंवा माणूस, तर गायी बोडक्या आणायच्या, हे खरं. पण क्विरिन कुरणावर गेला नाही, शिखरावर गेला. गायी राखताना नाही, पाहुण्यांना नेताना गेला. आणि गायी तर चौदाच्या चौदा धडधाकट आहेत.

"म्हणजे विजेनं दोनशे मीटर खाली पडायला हवं होतं," मी म्हटलं, "म्हणजे तुझी रीत पुरी झाली असती."

तो म्हणाला की सेन्झीनं उन्हाळाभर बसून मुकुट केलेत त्याचं काय. केले होते खरे. लाकडाचे रंध्यानं काढलेले पातळ छिलके रंगवून तिनं फुलं वळली होती, कोवळ्या देवदारांच्या शेंड्यांवर बांधायला. जुलैनंतर थांबली नाही. हात थांबत नाहीत म्हणाली. ते सगळं आता कोठारात चादरीखाली पडलं आहे.

मी नाही म्हटलं ते नाहीच म्हटलं. गावात माझं फार कौतुक झालं. बेकरीत मला रांगेत पुढे घेतलं. ओटिलीनं रीत राखली, असं फादरसुद्धा म्हणाले. वन्सं, मला ते कौतुक गोड लागलं. हेही लिहून ठेवते.

पण पांक्रात्सला कोण हरवणार. आठ दिवसांत धक्क्यावर पाटी लागली, यंदा शोकाचा कळप, कित्येक वर्षांतून एकदाच दिसणारं दृश्य. नौका भरल्या. मुकुटाच्या वर्षी येतात त्याहून जास्त माणसं आली. घंटांमध्ये गवत कोंबलेल्या गायी सपाट होड्यांतून तळं ओलांडत होत्या, आवाज नाही काही नाही, आणि काठावर हजार माणसं हातात फोन धरून गप्प उभी. मी काळ्या कपड्यांत धक्क्यावर. मला उभं कुठे राहायचं तेही आखून दिलं होतं, मागे शिखर येईल असं.

पहिली होडी लागली आणि पांक्रात्स कर्ण्यावरून बोलायला लागला. क्विरिनच्या धैर्याबद्दल बोलला, ते बरं बोलला. मग म्हणाला की डोंगर माफ करतो, पण हवामानाचा इशारा ज्याच्या हाती असतो त्याच्या निष्काळजीपणाला माफी नाही, आणि अशी माणसं आता आपल्या गावच्या वाटाड्यांच्या कचेरीत राहिलेली नाहीत. नाव घेतलं नाही. सगळ्यांना कळलं.

मी पुढे गेले आणि त्याला सांगितलं. कर्णा त्याच्या हातातच होता, निम्मं त्यातून गेलं असेल.

"किलियननं फोन केला होता," मी म्हटलं. "आदल्या दिवशी संध्याकाळी सहाला. मी घेतला. मी क्विरिनला सांगितलं नाही."

पांक्रात्सनं कर्णा बंद केला. "ओटिली, आत्ता नको," म्हणाला. "पाहुणे ऐकताहेत."

मी पुन्हा सांगितलं. तेव्हा त्यानं माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि लोकांकडे वळून कर्ण्याशिवाय, पण मोठ्यानं म्हणाला, "बघा, आपल्या माणसाचा जीव गेला आणि ही बाई भाच्याचा दोष स्वतःवर घेते आहे. अशी मनं आता राहिली नाहीत." बायका रडल्या. फादरनी मान हलवली. कुणीतरी मला बसायला स्टूल आणून दिलं. एका बाईंनी मला मिठी मारली आणि मग विचारलं की एक फोटो काढला तर चालेल का. मी काढू दिला. तेव्हा माझ्यात काही राहिलं नव्हतं.

एकटी सेन्झी आली नाही. ती गायींच्या घंटांतलं गवत उपसत बसली होती. गोठ्यात शेवटची गाय बांधून झाल्यावर तिनं मला विचारलं, "खरं आहे?"

मी हो म्हटलं.

ती बराच वेळ हात धूत राहिली. मग म्हणाली, "मग तोंडानं सांगून काय उपयोग? ती माणसं तुला बघायला आली होती, ऐकायला नाही. कागदावर लिही, खाली सही कर, आणि ज्या आईच्या मुलाला गाव सोडावं लागलं तिला दे." आणि दार लावताना म्हणाली, "गायींना उगाच बोडकं आणलंस."

तेव्हा आता क्रमानं लिहिते.

जुलैच्या नऊ तारखेला संध्याकाळी सहाला कचेरीतून किलियनचा फोन आला. क्विरिन मागे शेडमध्ये होता, त्याचा फोन नेहमीसारखा पावाच्या डब्यावर. म्हणून किलियननं आपल्या मोबाइलवरून घरच्या फोनवर केला. त्याचे शब्द मला पाठ आहेत. "मामी, मामाला सांग, उद्याचं शिखर रद्द. गडगडाट दुपारचा नाही राहिला, सकाळी नऊलाच येतोय. पाहुण्यांना तळ्यावर फिरवा, मासा खाऊ घाला, रुसले तर माझं नाव सांगा." मी म्हटलं, सांगते. तो म्हणाला, "नक्की ना? मामा माझं ऐकत नाही, तुझं ऐकतो." मी म्हटलं, अरे सांगते म्हटलं ना.

मग मी खिडकीतून शिखराकडे पाहिलं. शिखरानं टोपी घातली होती, ढगाची, नीट, कडेला न विस्कटलेली. तशी टोपी असली की दुसऱ्या दिवशी उघडीप, हे तुमच्या वडिलांनी मला लग्नानंतर पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. क्विरिनही आयुष्यभर तीच पाहून निघायचा. किलियनच्या कचेरीतल्या पडद्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं, असं या घरात नेहमीच बोललं जायचं. जेवताना मी काही बोलले नाही. पहाटे चारला क्विरिन हाम्बुर्गच्या त्या नवराबायकोला घेऊन निघाला, आकाश स्वच्छ होतं, आणि मला वाटलं, बघ, टोपीच खरी.

अडीच महिने मी स्वतःला हेच सांगत होते. टोपीमुळे चुकलं. जुन्या माणसांची चूक, आपल्या सगळ्यांची चूक, कुणाची म्हणून नाही. शनिवारी धक्क्यावर कुणी विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही.

टोपी मी पाहिली हे खरं आहे. पण फोन ठेवला तेव्हाच, खिडकीकडे जाण्याआधी, मी ठरवलं होतं.

वन्सं, तुम्हाला माझ्या वाचण्याची नेहमी गंमत वाटायची. पाहुणे खोलीत पुस्तकं विसरून जातात आणि ओटिली ती चादरींआधी उचलते, असं तुम्हीच म्हणायचात. शाळा माझी आठवीत सुटली, हे तुम्हाला माहीत आहे. त्या आठवड्यात माझ्याकडे एक जाड कादंबरी होती, एका जहाजावरच्या स्वयंपाकिणीची. शंभरेक पानं उरली होती. क्विरिनचं आठ दिवस शिखर झालं नव्हतं, तो घरातच होता. कॉफी कर, रेडिओ लाव, हे बघ काय झालं, तो बघ कोण चाललाय. वाईट काही नाही, त्याचा स्वभावच तो. पण मला एक दिवस हवा होता. शिखर रद्द झालं असतं तर तो आणि ते पाहुणे दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात बसले असते. म्हणून मी बोलले नाही. टोपी नंतर पाहिली आणि ती माझ्या सोयीची निघाली.

साडेआठला मी वाचत बसले. नऊनंतर गडगडलं. मी उठले नाही. मला वाटलं, तो खाली आसऱ्याच्या झोपडीत पोचला असेल. पानं उलटत राहिले. त्या वेळी तो पाहुण्या बाईंना कड्याला ठोकलेल्या लोखंडी तारेच्या आधारानं उतरवत होता. त्या उतरल्या, त्यांचे यजमान आधीच उतरले होते, आणि तार शेवटी त्याच्या हातात होती.

दुपारी बचाव पथकाचा माणूस आला. त्यानं विचारलं, कचेरीतून काही कळवलं होतं का? मी नाही म्हटलं. विचार करून नाही, पटकन. एकदा म्हटलं की मग त्याच्यावरच उभं राहावं लागतं. दफनाच्या जेवणाला किलियन खानावळीत आला तेव्हा मी सगळ्यांसमोर उठून बोलले, हे तुम्ही स्वतः ऐकलंत. "तू कळवलं असतंस तर तुझा मामा आज इथे जेवत असता." तुम्ही माझ्यासमोर बसला होतात. किलियनच्या खिशात फोन होता. त्यात तारीख, वेळ, सगळं असेल. त्यानं तो काढला नाही. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हो, मामी."

त्याच्या त्या हो नंतर सगळं सोपं झालं. पांक्रात्सनं त्याला कचेरीतून काढलं, वाटाड्यांनी बोलणं सोडलं, आणि तुम्ही त्याच्या बाजूनं बोललात म्हणून तुमच्या घरावरून जाणारी पायवाटही लोकांनी सोडली. आता तो सीमेपलीकडे कुठल्यातरी केबलगाडीच्या दारावर तिकिटं फाडतो असं ऐकते. डोंगर पायांनी ओळखणारा मुलगा. तो गप्प का राहिला ते मला माहीत नाही. कदाचित त्यानं तुम्हालाही सांगितलं नसेल. मी विधवा झाले म्हणून मला सोडलं असेल, तर त्याला सांगा की त्याची चूक झाली.

तुमच्याकडे मी माफी मागत नाही. मागितली तर तुम्हाला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि पुन्हा सगळं माझ्याभोवती फिरेल. शनिवारी तेवढं फिरलं, पुरे.

हे पत्र तुमचं आहे. याची आणखी एक प्रत मी माझ्या हातानं लिहून आज सकाळी बचाव पथकाच्या कचेरीत दिली, पोच घेतली. तिथल्या माणसानं दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यानं मला खुर्ची दिली नाही, त्यावरून यानं तरी विश्वास ठेवला असं मला वाटलं. तिसरी प्रत चर्चच्या फळ्यावर लावायला फादरकडे दिली. त्यांनी लावली नाही तर रविवारी मी लावीन. तुमची प्रत तुम्ही किलियनला वाचून दाखवा, पांक्रात्सच्या दारावर चिकटवा, काय वाटेल ते करा. किलियननं मला वाचवण्यासाठी काही वेगळं सांगितलं, तर ते खोटं समजावं.

जुलैच्या नऊ तारखेला संध्याकाळी सहाला फोन आला होता. तो मी घेतला होता. निरोप स्पष्ट होता. मी तो दिला नाही.

क्विरिनची बायको,
ओटिली